ग्रामीण रुग्णालयाच्या आवारातली परसबाग: जागा निवडण्यापासून घरोघरच्या वाफ्यापर्यंत

रुग्णालयाच्या आवारात बाग करायचं ठरलं की पहिली चर्चा रोपांची सुरू होते. ती शेवटी ठेवा. आधी एकच गोष्ट ठरवा: मे महिन्यातल्या रविवारी पाणी कोण घालणार? याचं उत्तर एखाद्या माणसाच्या नावानं मिळालं तरच कुदळ हातात घ्या. पावसाळ्यात हौसेनं लावलेल्या बागा मार्चनंतर वाळतात. तेव्हा दोष बहुतेक वेळा मातीचा नसतो. जबाबदारी ‘सगळ्यांची’ असते आणि म्हणून ती कुणाचीच राहत नाही.

पुढची मापं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आणि एक गुंठा जागा (३३ बाय ३३ फूट) धरून दिली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राला याच्या निम्मी जागा पुरते.

बाग कशासाठी, ते आधी हिशेबानं ठरवा

एका गुंठ्यात मधोमध ५ फुटांची वाट काढली की दोन्ही बाजूंना १० फूट लांब आणि ३ फूट रुंद असे सहा-सहा वाफे बसतात. दोन वाफ्यांमध्ये दोन फूट जागा सुटते. दोन्ही कडांना चार-चार फुटांचे पट्टे उरतात, एक वेलांच्या मांडवासाठी आणि दुसरा कंपोस्टसाठी. म्हणजे प्रत्यक्ष लागवड सुमारे ३३ चौरस मीटर. पालेभाजी चांगली आली तर एका चौरस मीटरमधून एका फेरीला सुमारे एक किलो मिळते. वाफा मोकळा करून पुन्हा पेरायचे दिवस धरले तर महिन्याला २५ ते ३० किलोच्या वर जाऊ नका. ३० रुग्णांना रोज १०० ग्रॅम भाजी द्यायची तर महिन्याला ९० किलो लागते.

म्हणजे ही बाग रुग्णालयाचं स्वयंपाकघर चालवणार नाही, आणि तसं आश्वासन कुणाला देऊही नका. तिचं खरं काम वेगळं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यातल्या कितीतरी जणी तपासणीसाठी याच आवारात येतात. त्यांनी इथे वाफा पाहावा, हात लावावा, बी आणि रोप घेऊन जावं आणि ते घरी जगावं, यासाठी ही बाग. यश मोजायचं ते सहा महिन्यांनी किती घरांत शेवगा उभा आहे यावर. किलोचा आकडा त्यानंतर.

माणसं आणि कागद

रोजच्या कामाला दोन माणसं हवीत, एक नको. गावातल्या बचत गटातल्या दोघी सर्वांत उत्तम. एकीच्या घरी लग्न निघालं तरी दुसरी येते. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास, ठरलेल्या मानधनावर. फुकटच्या श्रमावर बाग वर्षभर चालत नाही. मानधन कुठून द्यायचं, याचा ठराव रुग्ण कल्याण समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. अधीक्षकांची बदली झाली तरी कागद राहतो.

रुग्णालयाच्या बाजूनं एका सिस्टरकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे बागेची नोंदवही द्या. आशांच्या गटप्रवर्तक ताई सुरुवातीपासून बैठकीत हव्यात, कारण घरोघरी पाठपुरावा त्यांच्याच हाताखाली होणार आहे. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) सल्ल्यासाठी हंगामातून एकदा बोलवा.

जागेचा नकाशा पाहिल्याशिवाय काम सुरू करू नका. नवा वॉर्ड, कर्मचारी निवास, ऑक्सिजन प्लँट किंवा जलवाहिनी तिथून जाणार आहे का, हे लेखी विचारून घ्या. शेवगा फळाला लागतो आणि त्याच महिन्यात जेसीबी येतो, हे टाळता येण्यासारखं आहे.

जागा: दवाखान्याच्या मागची जमीन साधी नसते

सहा तास ऊन हवं, पाण्याचा नळ ३० मीटरच्या आत हवा आणि बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्यांना बाग दिसायला हवी. इमारतीच्या मागे लपलेली बाग कुणी पाहत नाही.

जैववैद्यकीय कचऱ्याचा पुरणखड्डा, जुन्या भट्टीची राख टाकलेली जागा, शौचालयाचा शोषखड्डा, जनरेटर आणि धुलाईघराचं गटार यांच्या जवळची जागा धरू नका. पावसाचं पाणी यांच्याकडून वाहत येतं ती उताराची बाजूही नको. भट्टीच्या राखेत जड धातू असतात. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत गळून पडलेल्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून भिंतीपासून दोन मीटर सोडा. कोणत्या कोपऱ्यात पूर्वी काय जाळलं जायचं, हे सर्वांत जुन्या सफाई कर्मचाऱ्याला नक्की ठाऊक असतं. त्यांना बरोबर घेऊन जागा फिरा.

मग जमीन तपासा. गमबूट आणि जाड चामडी हातमोजे घालून वरची एक फूट माती खणा आणि चाळा. फुटक्या काचेच्या कुप्या निघाल्या तर वेचून टाका. सुई निघाली तर ती जागा सोडा. एक सापडली म्हणजे खाली आणखी आहेत, असंच धरून चाला. काम करणाऱ्या सर्वांना धनुर्वाताची (टीडी) लस आधी द्या.

मातीचा नमुना घेताना पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडा आणि एकत्र करा. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या.

पाणी

उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर, म्हणजे वाफ्यांना १६५ आणि कडेच्या झाडांसह २०० लिटर. हजार लिटरची टाकी पाच दिवस पुरते. ती पाच फूट उंच ओट्यावर ठेवली तर पंपाशिवाय ठिबक चालतं. प्रत्येक वाफ्यात १६ मिलिमीटरच्या इनलाइन नळीच्या तीन ओळी टाका, छिद्रं ३० सेंटिमीटरवर. दोन लिटर ताशी दरानं एका वाफ्याला १५ मिनिटं पुरायला हवीत. पण कमी उंचीच्या टाकीवर छिद्रातून लिहिलेल्या दरापेक्षा कमी पाणी पडतं. म्हणून छिद्राखाली वाटी ठेवून १० मिनिटांत किती मिलिलिटर जमतं ते मोजा आणि त्यावरून वेळ ठरवा. गाळणी आठवड्यातून एकदा धुवा. ठिबक बंद पडण्याची बहुतेक कारणं गाळणीतच सापडतात.

रुग्णालयाच्या गटाराचं पाणी बागेला कधीही देऊ नका, दिसायला स्वच्छ असलं तरी. त्यात औषधांचे अंश आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू असतात. स्वयंपाकघरात भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र केळीच्या आणि अळूच्या खड्ड्यात सोडायला हरकत नाही. हा खड्डा मुद्दाम दर्शनी जागी करा, कारण घरच्या मोरीच्या पाण्याचं काय करायचं ते येणारी बाई इथेच शिकते.

टाकीला घट्ट झाकण लावा. एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, कुंड्यांखालच्या बशा आणि झाऱ्या कोरड्या करा. डेंग्यूच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या आवारातच अळ्या सापडल्या तर गावात बोलायला तोंड राहत नाही.

वाफे आणि खत

वाफा जमिनीपासून नऊ इंच उंच करा. काळ्या मातीत हे विशेष गरजेचं, कारण जुलैत पाणी साचून मेथी-कोथिंबीर मुळापासून सडते. मिश्रण दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा जाडसर वाळू. एका वाफ्याला साधारण १० ते १२ घमेली खत लागतं. सोबत एक किलो निंबोळी पेंड मिसळा.

खत पूर्ण कुजलेलं हवं: काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं. ताज्या शेणात हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते, शिवाय पोटाच्या आजाराचे जंतूही असतात. जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) शेतात जरूर वापरा. रुग्णांच्या हाताला लागणाऱ्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-मुळ्यावर मात्र ते फवारू नका.

कंपोस्टसाठी तीन फूट लांब-रुंद-उंच असे विटांचे दोन हौद शेजारी-शेजारी बांधा, विटांमध्ये हवेसाठी फटी ठेवून. तीन टोपल्या सुक्या पाल्यावर एक टोपली ओला कचरा आणि वर मूठभर जुनं खत, असे थर द्या. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत इतकाच ओलावा. घाण वास आला तर सुका पाला कमी पडला आहे. तापतच नसेल तर कोरडं पडलं आहे. दहा दिवसांनी उलथा, अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं.

हौदात स्वयंपाकघरातली कच्ची सालं-देठंच जावीत. वॉर्डातून परत आलेलं ताटातलं अन्न नाही, फळांच्या साली नाहीत, हार-फुलं नाहीत. वॉर्डातल्या बादलीत कापूस, पट्टी, एखादी सुई कधी पडेल सांगता येत नाही आणि खताच्या ढिगात एक सुई सापडली की बागच बंद होते. म्हणून बागेची बादली झाकणासह स्वयंपाकघरातच ठेवा. हौद शस्त्रक्रिया विभागाच्या आणि एसीच्या हवा ओढणाऱ्या बाजूपासून जितका लांब नेता येईल तितका न्या. ढीग उलथताना बुरशीचे कण उडतात, तेव्हा तोंडाला मास्क हवाच.

काय लावायचं

नियम साधा ठेवा: येणाऱ्या बाईला घरी करता येईल तेवढंच इथे. ब्रोकोली आणि लेट्यूस नको.

कडेच्या पट्ट्यात शेवग्याची दोन-तीन झाडं पुरेत. पीकेएम-१ हा वाण बियांपासून लवकर येतो. तीन फुटांवर शेंडा खुडा, नाहीतर तो उंच वाढतो, पाला हाताला येत नाही आणि वादळात फांदी मोडते. जवळच कढीपत्ता आणि एक कागदी लिंबू. मांडवावर पावसाळ्यात दोडका, कारलं, दुधी.

वाफ्यांपैकी सहा पालेभाज्यांना द्या. एकदम पेरू नका. दर १०-१२ दिवसांनी दोन वाफे पेरले तर काढणी अखंड राहते. एका वाफ्याला मेथी १५ ग्रॅम, पालक १० ग्रॅम. धने रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा, नाहीतर उगवण विरळ होते. माठ आणि राजगिरा २५ ते ३० दिवसांत, मेथी महिनाभरात, कोथिंबीर ४० दिवसांच्या आसपास. मेथी थंडीची, एप्रिलमध्ये ती पिवळी पडते, तेव्हा माठ, चवळी आणि अंबाडीवर भर द्या. उरलेल्या वाफ्यांत भेंडी, गवार, वांगी, टोमॅटो, मुळा. एक वाफा कायम रिकामा, पुढच्या पेरणीच्या तयारीत.

बाजारातलं गुलाबी किंवा निळं बी बुरशीनाशक लावलेलं असतं. ते लहान मुलांच्या हातात देऊ नका, उरलेलं खाण्यात जाऊ देऊ नका. वाटायच्या पुड्यांत रंगीत बी नकोच. किराणा दुकानातली मेथी आणि धने छान उगवतात.

शोभेसाठी कण्हेर, बिट्टी, घाणेरी लावू नका. धोत्रा, एरंड, गुंज आपोआप उगवले तर उपटा. मुलं बिया तोंडात घालतात. गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून काढा.

रुग्ण बागेत येतात तेव्हा

मधल्या वाटेलगतचे दोन वाफे विटांनी अडीच फूट उंच बांधा. व्हीलचेअर एकाच बाजूनं लागणार असेल तर रुंदी दोन फुटांच्या वर नको, हात पोचत नाही. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. वाटेवर खडी नको; दाबलेला मुरूम किंवा खरबरीत फरशी चालते.

वेळ सकाळी दहाच्या आत किंवा साडेचारनंतर. प्रत्येकाला पाठवायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. केमोथेरपी सुरू असलेले किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेले रुग्ण माती आणि कंपोस्टपासून दूरच बरे. उघडी जखम असलेल्यांनाही तेच. ताजी शस्त्रक्रिया झालेल्यांना झारी उचलू देऊ नका. बी टाकणं, शेंगा सोलणं, नावाच्या पाट्या रंगवणं ही कामं आहेत. मधुमेहात पायाची आणि कुष्ठरोगात हाता-पायाची संवेदना जाते. काटा रुतलेला कळत नाही, म्हणून बंद बूट, जाड मुठीची अवजारं आणि काम संपल्यावर हात-पाय निरखून पाहणं सक्तीचं. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांनी पडीक जमिनीवर शेती उभी केली. तेव्हा आजार आहे म्हणून माणसाला कामापासून तोडू नका, कामाची रीत बदला.

आहाराचा सल्लाही सरसकट देऊ नका. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियममुळे पालक, शेवग्याचा पाला मर्यादित ठेवावा लागतो. वॉरफेरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू किंवा तोडू नये, प्रमाण सारखं ठेवावं. त्या वाफ्यांवर लाल ठिपक्याची पाटी लावा: ‘आधी डॉक्टरांना विचारा’.

कीड, जनावरं

फवारणीचं रासायनिक औषध आवारात आणूच नका. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची झाली की झाड उपटून टाका; हा विषाणू आहे, औषधानं बरा होत नाही आणि पांढरी माशी तो शेजारी नेते. कोकणात पावसाळ्यात गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

पाच फूट जाळीचं कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक पहिल्याच दिवशी हवं. एक मोकाट गाय एका रात्रीत महिन्याचं काम संपवते. उंदरांची बिळं दिसली तर लगेच बुजवा. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या चिखलातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, म्हणून पावसात अनवाणी कुणी उतरायचं नाही.

भाजी कुणाची?

अशा बागेत सर्वांत जास्त कुरबूर या प्रश्नावरून होते, म्हणून नियम पाटीवर रंगवा. एक चांगली वाटणी: निम्मी स्वयंपाकघराला, चौथा हिस्सा काम करणाऱ्या दोघींना, चौथा हिस्सा प्रात्यक्षिकाला आणि गरजू रुग्णांच्या नातेवाइकांना. कर्मचाऱ्यांनी पिशवी भरून नेणं पूर्ण बंद, अधीक्षकांसकट. काढणी सकाळी आठच्या आत, वजन करून नोंदवहीत.

९ तारीख

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते. बागेचं खरं काम याच दिवशी. चाळीस जणी येणार असतील तर दोन महिने आधी शेवग्याच्या ५० पिशव्या (६ बाय ८ इंची) भरून ठेवा, काही उगवत नाहीत. रांगेतून आठ-आठ जणींना २० मिनिटांसाठी बागेत न्या. एकीनं वाफ्यात बी टाकावं, दुसरीनं शेवग्याचा शेंडा खुडावा. मग पाल्याची भाजी तिथेच करून चव द्या, वरून लिंबू पिळा आणि का ते सांगा: क जीवनसत्त्वामुळे पाल्यातलं लोह अंगी लागतं, जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो. एवढंच ठासून सांगा की भाजीनं लोहाची गोळी सुटत नाही. दोन्ही चालू ठेवायचं.

जाताना एक रोप आणि माठ, मेथी, चवळीच्या पुड्या. देण्याआधी विचारा: अंगण आहे का, मोरीचं पाणी कुठे जातं, शेळ्या मोकळ्या असतात का? अंगण नसलेल्या बाईला शेवगा देऊ नका, सिमेंटच्या गोणीत माठ कसा लावायचा ते दाखवा. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला दिवाळीच्या तोंडावर रोप देणं वाया जातं. त्यांना फडावरच्या कोपीपाशी (झोपडीपाशी) टाकायला मेथी-धने द्या, शेवगा परतल्यावर पावसाळ्यात.

त्यानंतर आशाताई १५ दिवसांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी इतर भेटींसोबतच पाहतील: रोप जिवंत आहे का, मेलं तर कशानं. कारण लिहिणं महत्त्वाचं. ‘शेळीनं खाल्लं’ दहा वेळा आलं तर पुढच्या वेळी रोपाबरोबर काटेरी फांद्यांचं कुंपण शिकवा. जामखेडला १९७० मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पानं गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. शेजारणीचं ऐकलं जातं, हे तिथून घ्यावं.

पोषण पुनर्वसन केंद्र (कुपोषित मुलांना दाखल करून घेणारं) असेल तर तिथल्या आयांसाठी वेगळी युक्ती आहे. त्या साधारण १४ दिवस मुलाजवळ असतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या हातून एका ट्रेमध्ये मेथी दाट पेरून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतो, बाराव्या दिवशी कोवळी मेथी कापून, नीट धुऊन मुलाच्या खिचडीत जाते. घरी परतण्याआधी तिनं एक पीक स्वतः काढलेलं असतं.

मार्च ते मे

बारा वाफे उन्हाळ्यात चालवायचा हट्ट नको. मार्चअखेर चार वाफे निवडा, त्यावर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी सहा फुटांवर ताणा आणि माठ, चवळी, अंबाडी ठेवा. मातीवर दोन-तीन इंच सुक्या पाल्याचं आच्छादन घाला. उरलेले आठ वाफे खणून उन्हात तापू द्या; हुमणीचे कोष आणि तणाचं बी त्यातच मरतं. टँकर येणाऱ्या गावात सगळे वाफे बंद ठेवून फक्त शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू जगवा, झाडाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर. पहिल्या पावसात मोकळ्या वाफ्यांवर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, फुलावर येण्याआधी मातीत गाडा आणि जुलैअखेर पुन्हा बी टाका. मे महिन्याच्या रविवारची पाळी तोवर नोंदवहीच्या पहिल्या पानावर दोघींच्या नावानं लिहिलेली असू द्या.